राख न उरणारी आग : संगणकावरून डिरेक्टरी पुसण्याचा इतिहास

१/
दफ्तरे कशी नष्ट होतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. आग लागते, छत गळते, वाळवी शिरते, कधी कुणी सारा संग्रह रद्दीच्या भावाने विकून टाकतो. अशा प्रत्येक नाशाची काही ना काही खूण मागे राहते : राख, डाग, भोके, निदान रिकामे कपाट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र नाशाची अशी एक रीत जन्माला आली, जिला धूर नाही आणि आवाजही नाही. कळफलकावर चार-सहा अक्षरे टंकायची आणि एक कळ दाबायची, एवढेच. या रीतीचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/
प्रथम दोन संज्ञा. फाइल म्हणजे संगणकात साठवलेला मजकूर. डिरेक्टरी म्हणजे फाइलींची यादी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात आणि कोणत्या रुमालात काय आहे हे फेरिस्तीवरून कळते. डिरेक्टरी ही अशीच फेरिस्त होय. तिच्या प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक क्रमांक असतो. एका फेरिस्तीत दुसऱ्या फेरिस्तीचे नावही असू शकते, दुसरीत तिसरीचे. अशा रीतीने एका मुळापासून फांद्या फुटत जाणारा वृक्ष तयार होतो.

३/
या वृक्षाची कल्पना १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर नॉयमन यांनी ‘मल्टिक्स’ या प्रणालीसंबंधीच्या एका निबंधात मांडली. मल्टिक्स हा एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांचा संयुक्त प्रकल्प होता. काम लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. प्रकल्प सुटला, तरी त्यातील कल्पना तिथल्या संशोधकांच्या मनातून गेल्या नाहीत. त्याच वर्षी केन टॉम्पसन यांनी फारशा वापरात नसलेल्या एका पीडीपी-७ यंत्रावर स्वतःची छोटी प्रणाली लिहायला घेतली. पुढे तिलाच ‘युनिक्स’ हे नाव पडले.

४/
त्या पहिल्या युनिक्समध्ये डिरेक्टऱ्या होत्या. पण प्रणाली चालू असताना नवी डिरेक्टरी निर्माण करण्याची सोयच नव्हती. कागदी फितीवरून सारी फाइल-व्यवस्था नव्याने उभारताना ज्या डिरेक्टऱ्या बनत, त्याच अखेरपर्यंत राहत. डेनिस रिची यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत ही बाब नोंदलेली आहे. जे निर्माण करता येत नव्हते, ते पुसण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता.

५/
फाइली मात्र पुसाव्या लागत. त्यासाठीच्या जुन्या साधनांपैकी एकाचे नाव होते ‘डीएसडब्ल्यू’. काही फाइलींची नावे अशी विचित्र असत, की ती टंकताच येत नसत. त्या काळच्या यंत्राच्या दर्शनी भागावर बटणांची रांग असे. त्या बटणांवर क्रमांक लावून हवी ती फाइल निवडायची आणि पुसायची, अशी ही युक्ती होती. पुढे बटणे गेली, नाव राहिले. हे नाव प्राचीन काळाचा अवशेष असून त्याची व्युत्पत्ती गमतीची असली तरी ते शहाणपणाचे नाही, अशी कबुली खुद्द १९७१ च्या माहितीपुस्तिकेतच आहे. जेमतेम दोन वर्षांपूर्वीच्या गोष्टीला ‘प्राचीन’ म्हणणारी ही पिढी होती.

६/
३ नोव्हेंबर १९७१ ही त्या पहिल्या माहितीपुस्तिकेची तारीख. तोवर युनिक्स पीडीपी-११ वर स्थिरावले होते आणि डिरेक्टऱ्या हव्या तेव्हा करता येऊ लागल्या होत्या. पुस्तिकेत पुसण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा आढळतात : फाइलीसाठी ‘आरएम’ आणि डिरेक्टरीसाठी ‘आरएमडीआयआर’. दुसरीला एक अट होती. डिरेक्टरी रिकामी असेल तरच ती पुसली जाई. आधी घरातले सामान एकेक करून बाहेर काढा, मगच घर पाडा, असा तो नियम होता. तो गैरसोयीचा होता, पण त्या गैरसोयीतच सुरक्षितता होती.

७/
‘आरएम’ हे ‘काढून टाका’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाचे लघुरूप. ही शब्दयोजना अर्थपूर्ण आहे. युनिक्समध्ये एकाच फाइलीला अनेक नावे असू शकतात आणि आरएम त्यांपैकी एक नाव फेरिस्तीतून काढते. शेवटचे नाव गेले आणि कुणी ती फाइल वापरतही नसले, की मगच तिची जागा मोकळी समजली जाते. तेव्हाही मजकूर खरवडून काढला जात नाही. त्या जागेवर पुढे नवे काही लिहिले जाईपर्यंत तो तिथेच पडून असतो. फेरिस्तीतील ओळ खोडली म्हणून रुमाल जळत नाही. तो कुठे आहे हे सांगणारे कुणी उरत नाही, इतकेच.

८/
यातून निघणारा एक उपसिद्धान्त नवख्यांना नेहमी चकित करतो. फाइल पुसण्यासाठी त्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार लागत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे, तिच्यात लिहिण्याचा अधिकार लागतो. फेरिस्त ज्याच्या हाती, त्याच्या हाती दस्तऐवजाचे अस्तित्व. अभिलेखागारांत वावरलेल्या कोणालाही हे वाक्य अपरिचित वाटणार नाही.

९/
डिरेक्टरी पुसणे तर आणखी नाजूक काम होते. रिकाम्या डिरेक्टरीतही दोन नोंदी असतातच : एक स्वतःची, टिंबाने दर्शवलेली, दुसरी वरच्या डिरेक्टरीची, दोन टिंबांनी दर्शवलेली. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ‘आरएमडीआयआर’ हा प्रोग्राम सर्वोच्च अधिकार घेऊन या नोंदी आणि वरच्या डिरेक्टरीतील नाव एकापाठोपाठ काढून टाकी. मध्येच यंत्र बंद पडले तर वृक्षाची एक फांदी अर्धवट तुटून लटकत राही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत हे काम प्रणालीच्या गाभ्याकडे सोपवण्यात आले आणि हा धोका टळला.

१०/
रिकामे करून मगच पाडण्याची अट मात्र त्याआधीच सैल झाली होती. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत आरएमला ‘-आर’ हा पर्याय होता. तो दिला, की आज्ञा डिरेक्टरीत शिरून आतले सारे, आतल्याच्या आतलेही पुसत जाई. रिकामे सांगाडे तेवढे शिल्लक ठेवी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तिने सांगाडेही पुसायला आरंभ केला. ‘-एफ’ या दुसऱ्या पर्यायाचा अर्थ ‘प्रश्न विचारू नका’. दोन्ही एकत्र आले आणि ‘आरएम -आरएफ’ ही संगणकविश्वातील बहुधा सर्वांत भीतिदायक आज्ञा सिद्ध झाली.

११/
ज्यांनी हे शस्त्र घडवले, त्यांना त्याची धार ठाऊक होती. सातव्या आवृत्तीतच ‘-आय’ हा पर्याय आला. तो प्रत्येक फाइलीपाशी थांबून अनुमती मागे, आणि त्यामुळे जुन्या डीएसडब्ल्यूची गरज संपली. शिवाय दोन टिंबांची नोंद, म्हणजे वरची डिरेक्टरी, पुसण्यास आरएमला मनाई करण्यात आली. टिंबाने सुरू होणारी सारी नावे पुसायला जावे आणि त्या ओघात वरचा सगळा वृक्षच तुटावा, असे घडू शकत होते. अशा अनवधानाचे परिणाम ‘समाजविघातक’ ठरतात म्हणून ही बंदी, असे कारण पुस्तिकेने दिले. एकच यंत्र अनेकांनी वाटून घेण्याच्या काळात तो शब्द अक्षरशः खरा होता.

१२/
आज्ञा इतक्या त्रोटक का, आणि काम झाल्यावर त्या गप्प का? त्या काळी संगणकाशी संवाद टेलिटाइपवरून चाले. मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर उमटवी आणि त्याच्या कळा जड असत. प्रत्येक अक्षराला वेळ आणि बोटांचे बळ लागे. म्हणून लघुरूपे आली. म्हणून ‘सारे ठीक असेल तर बोलू नये’ हा शिष्टाचार आला. टेलिटाइप गेले, शिष्टाचार राहिला. लाखभर फाइली पुसल्यावरही आरएम एक शब्द बोलत नाही.

१३/
त्यातच तारकाचिन्हाची भर पडली. युनिक्समध्ये तारा म्हणजे ‘येथील सर्व नावे’. त्या ताऱ्याचा विस्तार ‘शेल’ हा मध्यस्थ आधीच करतो आणि आरएमच्या हाती केवळ नावांची यादी पडते. ती यादी विचारपूर्वक टंकलेली की एका ताऱ्यातून निघालेली, हे आरएमला कळण्याचा मार्गच नाही. कलम लावताना भलत्या जागी एक रिकामी जागा पडली, तरी अर्थ पालटतो. मोडीतील ‘ध’चा ‘मा’ करण्याची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना एका अक्षराचे मोल वेगळे सांगायला नको.

१४/
इतर परंपरांनी वेगळा मार्ग धरला होता. टेनेक्स आणि त्यातून आलेल्या टॉप्स-२० या प्रणालींत पुसलेली फाइल फक्त ‘पुसलेली’ अशी खूण लावून ठेवली जाई. कायमची विल्हेवाट लावायला वेगळी आज्ञा द्यावी लागे. १९८३ च्या ॲपल लिसावर पडद्यावरच कचऱ्याची टोपली आली. एमएस-डॉसमध्ये १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून डिरेक्टऱ्या होत्या, पण तिथेही रिकामी असल्याशिवाय डिरेक्टरी पुसता येत नसे. अख्खा वृक्ष तोडणारी ‘डेलट्री’ ही आज्ञा १९९३ च्या सहाव्या आवृत्तीत आली, आणि तीही आधी विचारून घेई.

१५/
डॉसमध्ये फाइल पुसली, की तिच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे २२९ ही संख्या लिहिली जाई. बाकीचे नाव तसेच राही. याचा उपयोग करून पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम बाजारात आणला आणि त्यावर मोठा व्यवसाय उभा राहिला. १९९१ मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञा डॉसमध्येच आली. ती वापरकर्त्याला विचारी : या नावाचे पहिले अक्षर काय होते? यंत्र विसरलेली गोष्ट माणसाच्या स्मृतीतून भरून घेण्याची ही पद्धत इतिहासकारांना जवळची वाटावी.

१६/
आता एका बुधवारची गोष्ट. १ ऑक्टोबर १९८६, मँचेस्टर विद्यापीठ. दुपारी सव्वातीनच्या सुमारास एकाची टपाल पाठवताना अडचण झाली. कारण शोधू गेल्यावर वापरकर्त्यांची यादीच सापडेना. फाइली दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञाही नाहीशी झालेली. नव्याने रुजू झालेल्या एका प्रणाली-प्रोग्रामरने सर्वोच्च अधिकारात असताना ‘सीडी’ आणि पाठोपाठ ‘आरएम -आरएफ *’ असे टंकले होते. एरवी नुसत्या सीडीने माणूस स्वतःच्या घरच्या डिरेक्टरीत जातो. पण सर्वोच्च अधिकाऱ्याचे घर म्हणजे वृक्षाचे मूळच होते.

१७/
तारा नावांची यादी वर्णानुक्रमे देतो, म्हणून नाशही वर्णानुक्रमे झाला. ‘बिन’, ‘डेव्ह’, ‘ईटीसी’, ‘लिब’ या डिरेक्टऱ्या संपूर्ण गेल्या. ‘न्यूज’ चालू असताना आज्ञा थांबवली गेली. ‘टेम्प’, ‘यूएसआर’ आणि ‘यूजर्स’ वाचल्या, कारण त्यांची अक्षरे पुढची होती. काय उरले हे पाहायलाही साधन नव्हते. सुदैवाने डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये ‘एको’ ही आज्ञा अंगभूत होती. ‘एको *’ असे टंकल्यावर उरलेली नावे पडद्यावर उमटली.

१८/
चार आठवड्यांपूर्वीची फीत कपाटात होती, पण ती वाचणारा प्रोग्राम पुसला गेला होता आणि फीतयंत्राची नोंदही. पुढचे पाऊल टाकायला ‘ईटीसी’ डिरेक्टरी हवी होती, आणि डिरेक्टरी बनवणारी आज्ञा ‘बिन’बरोबर गेली होती. मार्ग असा निघाला : वाचलेल्या ‘टेम्प’चे नाव बदलून ‘ईटीसी’ करायचे. त्यासाठी एक इवलासा प्रोग्राम यंत्रभाषेत रचण्यात आला आणि चालू असलेल्या इमॅक्स या संपादकातून त्याचे अंक फाइलीत भरण्यात आले. तो चालला. तिथून एकेक वीट रचत यंत्र पुन्हा उभे राहिले. हा वृत्तान्त तिथल्याच एका साक्षीदाराने लिहून ठेवला, म्हणून तो आज उपलब्ध आहे.

१९/
त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर जाणूनबुजून पुसण्याचा प्रकार घडला. इराण-काँट्रा प्रकरण उघडकीस येऊ लागताच, नोव्हेंबर १९८६ मध्ये जॉन पॉइनडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी ‘प्रॉफ्स’ या कार्यालयीन प्रणालीतील आपले हजारो संदेश पुसले. त्यांना वाटले, संदेश गेले. पण व्हाइट हाउसच्या बॅकअप फितींवर ते शाबूत होते आणि १९८७ च्या टॉवर आयोगाच्या चौकशीत ते पुरावा म्हणून पुढे आले. १९८९ साली या फिती जपल्या जाव्यात म्हणून खटला उभा राहिला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने संगणकीय संदेश हे शासकीय अभिलेखच आहेत असे ठरवले.

२०/
या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. मँचेस्टरला पुसायचे नव्हते, ते गेले. वॉशिंग्टनला पुसायचे होते, ते राहिले. दोन्हीकडे निकाल ठरला तो आज्ञेमुळे नव्हे; दुसरी प्रत कुठे आहे आणि ती कुणाच्या ताब्यात आहे, यावर तो ठरला.

२१/
१९९८ मध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या मूळ डिरेक्टरीवर कुणीतरी हीच आज्ञा चालवली. पडद्यावर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वुडी या पात्राचे भाग एकामागून एक नाहीसे होऊ लागले. यंत्राची वीज तोडेपर्यंत बहुतेक चित्रपट गेला होता. बॅकअपही नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. तंत्रदिग्दर्शिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीने स्टुडिओत आणला गेला. आज्ञा कुणी दिली याचा शोध घेण्यात वेळ घालवला नाही, हे एड कॅटमल यांनी नंतर आवर्जून नोंदवले.

२२/
एका रिकाम्या जागेचे मोल २०११ मध्ये दिसले. लिनक्सवरील बंबलबी या प्रोग्रामच्या स्थापना-संहितेत एका मार्गाच्या मधोमध चुकून मोकळी जागा पडली आणि ‘यूएसआर’ ही संपूर्ण डिरेक्टरीच पुसण्याची आज्ञा तयार झाली. जानेवारी २०१५ मध्ये स्टीमच्या लिनक्स आवृत्तीत तसाच दोष आढळला. डिरेक्टरीचे नाव ज्या चलात असायचे, तो चल रिकामा राहिला, की आज्ञा वृक्षाच्या मुळापासून पुसायला निघे. त्या ओळीच्या वर प्रोग्रामरने स्वतःच ‘भीतिदायक!’ अशा अर्थाचा शेरा लिहून ठेवला होता. भीती नोंदवली गेली. तिचा उपाय झाला नाही.

२३/
मुळावर कुऱ्हाड चालवण्याची मुभा असावी का? ‘यंत्राने माणसाच्या आज्ञेवर शंका घेऊ नये’ हे युनिक्सचे जुने तत्त्व. २००५ च्या सोलारिस १० मध्ये सनच्या अभियंत्यांनी मूळ डिरेक्टरी पुसणे अडवले. त्यांचा युक्तिवाद असा, की आपण उभे आहोत ती डिरेक्टरी पुसण्यास प्रमाणसंहितेची मनाई आहे, आणि मूळ पुसायचे तर वाटेत तीही पुसावी लागणारच. २००६ पासून ग्नूच्या आरएमनेही तोच मार्ग स्वीकारला. ज्याला मूळ पुसायचेच आहे, त्याला तसे लांबलचक शब्दांत लिहून द्यावे लागते. टेलिटाइपच्या काळात जी अक्षरे वाचवली होती, ती अशी परत मागण्यात आली.

२४/
तरीही ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील विदासंग्रहाची डिरेक्टरी पुसली. सेकंद-दोन सेकंदांत त्याला चूक उमगली. पण सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. नेहमीचे बॅकअप बरेच दिवस अपयशी ठरत होते आणि तसे सांगणारे इशारे कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवरून बरेचसे परत आले. कंपनीने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर सर्वांसमोर केले आणि चुकांची सविस्तर टिपणी प्रसिद्ध केली.

२५/
अखेरीस एक विरोधाभास. ज्या युनिक्सने ही आज्ञा जगाला दिली, त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या संगणकीय प्रती पुढे उरल्या नव्हत्या. डिस्क पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, जुन्यावर नवे लिहिले गेले. १९७२ मधील एका छापील प्रतीवरून अभ्यासकांनी पहिल्या आवृत्तीचा गाभा नव्याने उभारला आणि २००८ मध्ये तो पुन्हा चालवला. २०१६ मध्ये पीडीपी-७ वरील युनिक्सही अशाच जुन्या छापील कागदांवरून जिवंत करण्यात आले. यंत्राने जे गमावले, ते कुणाच्या तरी कपाटातल्या कागदाने राखले.

२६/
म्हणून पुसण्याच्या या इतिहासाचा नायक आरएम नाही. मँचेस्टरच्या कपाटातली फीत, व्हाइट हाउसचा बॅकअप, पांघरुणात गुंडाळलेला घरचा संगणक, सहा तास जुनी प्रत आणि पिवळे पडलेले छापील कागद हे त्याचे खरे नायक. दुसरी प्रत करून ठेवणारा माणूस इतिहासात क्वचितच नावानिशी येतो, पण इतिहास लिहिता येतो तो त्याच्यामुळे. पुढच्या वेळी एखाद्या अभिलेखागारात नकलेवर नक्कल करून ठेवलेली दिसली, तर तिला अनावश्यक समजू नये.

(धागा समाप्त)